झाकलेलं उत्तर

निफाडजवळच्या एका तरुण बाईचं बरोबर असलेलं उत्तर मी चुकीचं ठरवलं, ते कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी व्यवस्था केली, आणि त्यामुळे तिच्या हाताशी आलेली नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे लिहिताना मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, त्याआधी मूळ गोष्ट कागदावर पडलेली बरी.

मी सरकारी नोकरीत कृषी पर्यवेक्षक होतो. नव्वदच्या दशकात बागेच्या बांधावर उभा राहिलो की चार बागायतदार हातातलं काम सोडून जमायचे. पान उलटं करून मी रोग सांगायचो आणि लोक वहीत लिहून घ्यायचे. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी आठवड्याला दोन-तीन फोन यायचे, दुसऱ्या वर्षी महिन्याला एखादा. नंतर फोन वाजला तर तो बहुधा बायकोच्या बहिणीचा असायचा.

त्याच सुमारास, दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, एका बागायतदाराच्या पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या मुलाने इंटरनेटवर द्राक्षाच्या चर्चेचा मंच सुरू केला. आम्ही त्याला चालक म्हणायचो. दीडेकशे सभासद होते. घरी संगणक नव्हता, म्हणून मी कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत दुपारी तासभर बसायचो. एका बोटाने टाइप करायचो, पण उत्तर पूर्ण लिहायचो. पुन्हा लोक विचारायला लागले. पुन्हा 'सर, सर' सुरू झालं. माझी तब्येतसुद्धा सुधारली असं बायको म्हणायची.

मंचावर गुण मिळायचे. कोणाचं उत्तर पटलं तर अधिकचं बटण दाबायचं, नाही पटलं तर वजाचं. शंभर गुण झाले की नावापुढे हिरव्या द्राक्षाचा एक घड उगवायचा. पाचशेला पाच घड, आणि पाच घडवाल्याचं एक बटण पाच जणांइतकं मोजलं जायचं. एखाद्या उत्तराचे गुण उणे दहाच्या खाली गेले की ते आपोआप झाकलं जायचं. तिथे फक्त राखाडी पट्टी दिसायची: 'कमी गुणांमुळे हे उत्तर झाकले आहे.' पट्टीवर टिचकी मारली तर उत्तर उघडायचं, पण कोण मारतो? गुण कोणी दिले, कोणी कापले, हे कुणालाच कळत नसे.

"काका, इथं वशिला नाही," चालक अभिमानाने सांगायचा. "ज्याचं उत्तर चांगलं, त्याला गुण."

नियम वाचला तर तसंच वाटायचं. प्रत्यक्षात गुण मिसळीवर जमत होते.

रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा सभासद गंगापूर रोडला एका ठिकाणी मिसळ खायला भेटायचो. त्यात पाच घडवाले तिघे: मी, बँकेतून निवृत्त झालेला माझा एक मित्र, आणि एक रोपवाटिकावाला. जो रविवारी आला त्याच्या त्या आठवड्यातल्या उत्तरांना सगळ्यांनी गुण द्यायचे, असा रिवाजच पडला होता. कोणी ठरवलं नव्हतं. शेजारी बसून पापड मोडून खाल्लेल्या माणसाचं उत्तर दिसलं की बोट आपोआप अधिकवर जायचं.

"सर, तुमच्या कालच्या उत्तराला मी वाचायच्या आधीच गुण दिला," एकदा एक जण म्हणाला.

"वाचायच्या आधी?"

"तुमचं आहे म्हटल्यावर वाचायचं काय त्यात!"

सगळे हसले. मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवतो.

या टेबलावर एकही बाई नव्हती. मंचावर मात्र एक होती. कृषी पदविका घेतलेली, लग्न होऊन निफाडजवळच्या गावात आलेली. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या कॅफेत येऊन लिहायची. 'रविवारी घरचं आटोपून नाशिकला यायला जमत नाही, तरी सगळ्यांना नमस्कार,' असं तिने एकदा लिहिलं होतं. तिची उत्तरं दोन-तीन ओळींची असायची. नमस्कार-चमत्कार नाही, थेट मुद्दा. तरीही तिने तीन घड मिळवले होते, आणि ते मिसळ न खाता. आज हिशेब केला तर तिचे तीन माझ्या पाचांपेक्षा जास्त भरतील.

त्या हिवाळ्यात एका निर्यातदाराने मंचावर सूचना टाकली. द्राक्षं निवडून पेट्या भरणाऱ्या त्याच्या पॅकहाऊसला पुढच्या हंगामासाठी बागांना भेटी देणारा एक सल्लागार हवा होता. मंचावरचा माणूस घेऊ, किमान तीन घड हवेत, एकही उत्तर झाकलेलं नको, अशी अट होती. निवड करायला तिघे: निर्यातदार, चालक आणि मी. तिने अर्ज केला. आमच्या टेबलावरच्याही एकाने केला. निवडीसाठी एक सोमवार ठरला.

निवडीला दहा दिवस असताना, एका शुक्रवारी, विंचूरकडच्या एका बागायतदाराने प्रश्न विचारला. बाग निर्यातीची, भुरीचा रोग दिसायला लागला आहे, काढणीला पंचेचाळीस दिवस आहेत. अमुक औषध फवारलं तर चालेल का? मी उत्तर दिलं: बिनधास्त फवारा, या औषधाला काढणीआधी तीस दिवस थांबलं की पुरे. तासाभरात गुणांचा पाऊस पडला.

शनिवारी तिचं उत्तर आलं. 'यंदाच्या निर्यातीच्या यादीत या औषधाला साठ दिवस दिलेत. आत्ता फवारलं तर रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत नमुना नापास होईल, माल परदेशी जाणार नाही. सरांकडे जुनी यादी असावी.'

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. जुनी यादी.

रविवारी टेबलावर तोच विषय.

"कोण ही बाई?" रोपवाटिकावाला म्हणाला. "सरांना दिवस मोजायला शिकवते!"

"सासरी कोणी ऐकत नसेल, म्हणून इकडे सुनावते," माझा मित्र म्हणाला.

"अहो, पण असेल तर साठ?" कोणीतरी हळूच म्हणालं.

"सर तीस वर्षं बागा बघतायत. तुम्ही तर्री घ्या."

हसणं झालं. मिसळ संपल्यावर आम्ही तिघे कॅफेत गेलो, तीन संगणकांवर बसलो आणि तिच्या उत्तराला वजा केलं. तिघांचे मिळून उणे पंधरा. माझ्या डोळ्यांदेखत ते उत्तर मिटलं आणि राखाडी पट्टी आली. मग रोपवाटिकावाला तिची जुनी उत्तरं उघडून वजा करत सुटला. मी फक्त त्या एकाच उत्तराला वजा केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी आणखी सहा उत्तरांना केलं. त्यातलं एक कलमांवर होतं आणि ते मला आवडलेलं होतं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मंचावर माझा नंबर होता.

"सर, निफाडहून बोलते. ते साठ दिवसांचं उत्तर माझं होतं."

"हं, बोला."

"सर, शनिवारी माझे तीन घड होते. आज एक राहिलाय. उत्तरपण झाकलं. माझं काही चुकलं का?"

"सभासद देतात गुण. त्यात मी काय सांगणार?"

"तसं नाय सर. तुम्ही निवडीत आहात म्हणून सांगते. सासऱ्यांनी मला एवढाच हंगाम दिलाय. नोकरी लागली तर बागेबागेत फिर म्हणाले, नाहीतर हे कॅफेत जाणं बंद. ते म्हणतात, लोकांनाच तुझं पटत नाय तर आम्ही काय म्हणून ऐकायचं? यादी माझ्याकडे आहे सर. झेरॉक्स पाठवू का?"

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मंगळवारी एसटीने सिन्नरला गेलो. माझा एक जुना सहकारी तिथे राहायचा, अजून नोकरीत होता. त्याने कपाटातून नवी यादी काढली आणि त्या औषधाच्या नावाखाली बोट ठेवलं. साठ.

"तू अजून तीसवरच का?" तो म्हणाला. "अरे, बदललं ते. बाहेरच्या देशांनी कडक केलंय सगळं. कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"छे," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये मला पहिली भीती वाटली ती त्या बागायतदाराची. बुधवारी सकाळी त्याला फोन लावला.

"फवारलंत का?"

"उद्या धरलंय सर. औषध आणून ठेवलंय, ट्रॅक्टर सांगितलाय."

"थांबा. फवारू नका. नवी यादी आलीय, साठ दिवस लागतात."

"आता वं? तुम्हीच तर म्हनले व्हते बिनधास्त!"

"म्हणून तर फोन केला. गंधक वापरा, उन्हाच्या आधी, सकाळच्या प्रहरी."

"लय उपकार झाले सर. माल गेला असता माझा."

फोन ठेवला तेव्हा माझे हात मोकळे झाल्यासारखे वाटले. बाग वाचली होती, नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. या समाधानात मी एक दिवस काढला. गुरुवारी कॅफेत गेलो तर त्या बागायतदाराने मंचावर लिहिलं होतं: 'सरांनी स्वतः फोन करून वेळीच सावध केलं. साठ दिवस थांबावं लागतं. असा मार्गदर्शक मिळायला भाग्य लागतं.' खाली अभिनंदनांची रांग. माझे गुण आणखी वाढले होते. त्याच पानावर, दोन बोटं वर, राखाडी पट्टीखाली तिचं साठ दिवसांचं उत्तर झाकलेलं होतं. एकानेही विचारलं नाही की हे आधी कोणी सांगितलं होतं.

तिच्या शब्दाचे गुण मला मिळाले. यापेक्षा साध्या भाषेत मला ते सांगता येत नाही.

वजा गुण मागे घेता यायचे. सात दिवसांची मुदत होती, रविवारी दुपारी ती संपणार होती. माझे पाच परत घेतले असते तर तिचं उत्तर उणे दहावर आलं असतं आणि पट्टी निघाली असती. बाकीची सहा मागे घेतली असती तर काही गुणही परत आले असते, आणि कारण लिहिलं असतं तर उरलेले लोकांनी भरले असते. पण चालकाने नियम असा केला होता की देताना नाव दिसायचं नाही, मागे घेताना दिसायचं. लोकांनी उगाच देणं-घेणं करू नये म्हणून. म्हणजे बटण दाबलं की सगळ्या मंचावर माझ्या नावाने ओळ उमटणार: अमुक ज्येष्ठ सभासदाने आपले वजा गुण मागे घेतले. मग सगळ्यांना कळणार, वजा केलं कोणी होतं.

शुक्रवारी मी त्या बटणापर्यंत गेलो आणि दुसऱ्याच एका प्रश्नाचं लांबलचक उत्तर लिहून परत आलो. शनिवारी कॅफेत गेलोच नाही. दुपारी फोन वाजला. बायकोने उचलला आणि हाताने झाकून म्हणाली, "निफाडच्या बाई आहेत."

मी मान हलवली.

"बाहेर गेलेत हो," ती फोनमध्ये म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही कधीपासून बागायतदारांचे फोन टाळायला लागलात?"

"नंतर करतो," मी म्हणालो.

रविवारी टेबलावर मी विषय काढला. सगळे उठल्यावर, आम्ही तिघेच असताना.

"ती बाई बरोबर होती. साठच आहे."

"मग?" माझा मित्र म्हणाला. "तू बागायतदाराला सांगितलंस ना? विषय संपला."

"तिचे गुण गेले त्याचं काय?"

"हे बघ, पाच घडवाल्याने चारचौघांत मागे घेतलं तर उद्या आपल्या उत्तराला कोण विचारतो? आणि तू निवडीवर आहेस. लोक म्हणतील, यानेच कापले आणि हाच निवडतो."

"म्हणतील ते खोटं असेल का?"

रोपवाटिकावाल्याने बडीशेप तोंडात टाकली. "सर, जागा एकच आहे. आपल्या माणसाला मिळू द्या की. पोराने दर रविवारी तुमच्यासाठी खुर्ची धरलीय."

तिथून मी एकटा कॅफेत गेलो. तिचं उत्तर उघडलं. पट्टीखाली तेच दोन-तीन ओळींचं, सरळ. बाजूला 'गुण मागे घ्या' असं बटण. बाण त्यावर नेला. एक तास बसलो होतो. खरंच एक तास, कारण कॅफेवाल्याने येऊन सांगितलं, काका, वेळ झाली, वाढवायची का? मी नको म्हणालो आणि उठलो. त्यानंतरही मुदत संपायला दोन-अडीच तास होते. ते मी घरी काढले.

सोमवारी पॅकहाऊसच्या ऑफिसात निवड झाली. चालकाने तीन घड आणि त्यावरच्यांची यादी छापून आणली होती. तिचं नाव यादीत नव्हतं. निर्यातदाराने चष्मा लावून यादी वरून खाली वाचली.

"त्या निफाडच्या बाई कुठे आहेत? त्यांची उत्तरं मी बघत असतो. कामाचं लिहितात."

"गुण खाली आले त्यांचे," चालक म्हणाला. "एक उत्तर झाकलंही गेलंय."

"असं कसं एका आठवड्यात?" निर्यातदार माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही जाणकार. काय भानगड आहे?"

खोलीत तिघेच होतो. ना कॅफे, ना मिसळीचं टेबल. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं, आणि मंचावर ते कुणाला कळलंही नसतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"सभासदांचं मत आहे," मी म्हणालो. "आपण त्यात काय बोलणार?"

निर्यातदाराने खांदे उडवले आणि आमच्या टेबलावरच्या माणसाच्या नावापुढे खूण केली.

चार-पाच दिवसांनी ती घरी आली, नवऱ्याच्या मोटारसायकलवर. डोक्यावरून पदर, हातात प्लास्टिकची फाईल. मला वाटलं आता जाब विचारणार. मी तयारीत बसलो. नवरा दारातच टेकला.

"मी म्हनलं, कशाला जायचं," तो म्हणाला, "पन हिनं ऐकलंच नाय. सर खरं सांगतील म्हने."

तिने फाईल टेबलावर ठेवली. त्यात तिची सगळी उत्तरं छापून आणलेली होती. वजा झालेल्यांना पेन्सिलीने खुणा.

"सर, नोकरीचं गेलं ते गेलं. त्यासाठी नाय आले. यातलं कुठलं चुकलं तेवढं सांगा. मला सापडेना. सापडलं तर पुढच्या वेळी सुधारते, सासऱ्यांनाही सांगता येईल."

खुणा केलेल्यांत मी वजा केलेली ती सहा उत्तरं होती. कलमांवरचंही. मी ते कागद एकेक करून उलटले, वाचतोय असं दाखवलं. बायको चहा घेऊन आली आणि उभी राहिली.

"चूक अशी नाही," मी म्हणालो. "भाषा जरा मवाळ ठेवत जा. ज्येष्ठ लोक असतात. टोचतं त्यांना."

तिने मान डोलावली. खरोखर, पटल्यासारखी. फाईलवर पेन्सिलीने 'भाषा' असं लिहिलं. चहा घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेली. त्यानंतर ती मंचावर एकदाही आली नाही. बायकोने कप उचलले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मंच पुढे तीन-चार वर्षांत बंद पडला. लोकांच्या हातात मोबाईल आले, घड गेले, मिसळीचं टेबलही मोडलं. माझा मित्र वारला. मला या गोष्टीची आठवण नेमकी कधी छळायला लागली ते सांगता येत नाही. बायको गेल्यानंतर जास्त. ती असताना तिच्यापासून लपवण्यात माझी बरीचशी शक्ती जात होती.

गेल्या हिवाळ्यात मी निफाडजवळच्या तिच्या गावी गेलो. घर सापडायला त्रास पडला नाही. ती आता पन्नाशीकडे आलेली, बागेतल्या बायकांची मजुरीची पाळी लावत होती. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. तीन संगणक, सहा उत्तरं, सिन्नरची यादी, बागायतदाराला केलेला फोन, पॅकहाऊसमधलं वाक्य.

शेवटी ती म्हणाली, "सासरे दोन वर्षांपूर्वी गेले."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"शेवटपर्यंत बाग त्यांनी बघितली. मी काही सुचवलं की म्हणायचे, तुझं त्या मंचावरबी कुणाला पटलं नव्हतं. चिडून नाय हो, साधंच म्हणायचे. त्यांना ते खरंच तसं वाटायचं." तिने बागेतल्या बायकांना पुढची ओळ धरायला खुणावलं. "मलापण वाटायचं सर. मी बोलायचं सोडलं होतं. आता आलात, पण ते ऐकायला तर नायत."

"मी माफी मागायला आलोय."

"तोंडी नको. कमी करताना चारचौघांत केलंत, मग लिहा पण चारचौघांत. माझं नाव नको, गाव नको. कोणाचंच नको, पोरंबाळं आहेत सगळ्यांना. पण साठ दिवस कोणी सांगितले होते ते लिहा."

म्हणून हे लिहिलं. साठ दिवस तिने सांगितले होते, शनिवारी, माझ्या आधी चार दिवस. ती बरोबर होती आणि तिची भाषाही ठीक होती.

छापायला देण्याआधी मी हे सगळं तिला पाठवलं. आठ दिवसांनी कागद परत आले. दोन ठिकाणी फवारणीतला तपशील तिने दुरुस्त केला होता, तो तसाच घेतला आहे. अखेरीस मी लिहिलं होतं की निरोप घेताना तिने मला मोठ्या मनाने क्षमा केली. त्या वाक्यावर तिने निळ्या पेनाने आडवी रेघ मारली होती. बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.